औषध पोचलं की नाही, हे कुणी पाहिलंय?

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतलं जुनं आणि नावाजलेलं औषध. रंगानं लालभडक. नर्स ते शिरेत सोडते तेव्हा नळीतून उतरताना डोळ्यांना दिसतं. पुढे एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तेव्हा पुन्हा दिसतं. "घाबरू नका, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे," असं रुग्णाला आधीच सांगून ठेवतात. आत जाताना दिसलं, बाहेर पडताना दिसलं. मधल्या काळात ते गाठीपर्यंत गेलं का आणि गेलं असेल तर किती, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. दोन-तीन सायकल, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, झाल्या की स्कॅन काढायचा आणि गाठ लहान झाली का ते बघायचं. नसली झाली तर तेवढे आठवडे वाया. केस गेले, तोंड आलं, अन्नावरची वासना उडाली, ते वेगळंच.

'नॅनोकण कॅन्सर शोधणार आणि तिथंच औषध देणार' अशा बातम्या अधूनमधून येत असतात. त्या वाचून वाटतं, की या कणांची करामत एका दगडात दोन पक्षी मारण्यात आहे. निदानही तेच करणार, उपचारही तेच. मला यातली खरी मोलाची गोष्ट वेगळी वाटते. गाठ कुठे आहे हे शोधायला सीटी आणि एमआरआय आहेतच. औषध त्या गाठीत उतरलं का, हे दाखवणारं मात्र डॉक्टरांच्या हाताशी फारसं काही नाही. स्वतः दिसणारा औषधवाहक कण नेमकं हेच दाखवू शकतो.

पण औषध कणात भरायचं तरी कशाला? केमोची बहुतेक औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळाशी, तोंडात, आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत असणाऱ्या पेशीही तशाच. सुक्याबरोबर ओलंही जळतं. डॉक्सोरुबिसिन तर हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं आणि ती इजा डोसागणिक साठत जाते. म्हणून एका माणसाला आयुष्यभरात मिळून किती द्यायचं याला मर्यादा आहे: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलीग्रॅम. औषध लागू पडत असलं तरी एका टप्प्यावर हात आखडता घ्यावा लागतो.

नेमक्या जागी जाऊनच काम करणाऱ्या औषधाची कल्पना पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाची. त्यानं तिला 'जादूची गोळी' म्हटलं. त्याच्या मनात बंदुकीची गोळी होती. मराठीत औषधाचीही गोळीच असते, त्यामुळे श्लेष आपल्याला फुकटात मिळतो. फारसं सांगितलं जात नाही ते असं, की एर्लिख आधी रंगांचा माणूस होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसाव्यात म्हणून तो त्यांना कृत्रिम रंग लावून बघायचा. ठरावीक रंग ठरावीक पेशींनाच धरतात हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याच्या मनात आलं, रंग जर असा निवडून चिकटतो, तर त्याच वाटेनं विषही निवडून पोचवता येईल. १८९१ मध्ये त्यानं मेथिलिन ब्लू हा निळा रंग मलेरियाच्या रुग्णांना औषध म्हणून देऊन पाहिला. दाखवणं आणि बरं करणं या दोन गोष्टी तेव्हा एकाच बाटलीत होत्या. रेडिऑलॉजी आणि औषधोपचार ही दोन वेगळी खाती नंतरची.

एका ग्रंथीच्या बाबतीत ती खाती पुन्हा एक झाली. थायरॉइड रक्तातलं आयोडीन स्वतःकडे ओढून घेते. १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरनं थायरॉइड जास्त काम करत असलेल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. पुढे रूढ झालेल्या आयोडीन-१३१ मधून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा कण एक-दोन मिलिमीटर जाऊन जवळच्या पेशी मारतात, तर गॅमा किरण शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्यात सापडतात. औषध कुठे जाऊन बसलंय ते फोटोतच कळतं. अडचण एवढीच, की आयोडीनची अशी भूक थायरॉइडलाच असते. बाकीच्या कॅन्सरसाठी वेगळं वाहन बनवावं लागतं.

ते वाहन किती मोठं असावं? नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हाताचं नख सेकंदाला साधारण १ नॅनोमीटर वाढतं. हे वाक्य वाचून होईतो तुमचं नख चार-पाच नॅनोमीटर पुढे सरकलं. लाल रक्तपेशी ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते. औषधवाहक कण बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात, म्हणजे एका रक्तपेशीच्या रुंदीत सत्तर-ऐंशी कण ओळीनं बसतील. हे माप शरीराच्या चाळण्यांनी ठरवून दिलेलं आहे. साधारण ६ ते ८ नॅनोमीटरच्या खालचं काही रक्तात सोडलं तर मूत्रपिंडं ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. २०० च्या वर गेलं की प्लीहेत अडकायला लागतं. मधल्या मापाच्या कणाला रक्तात फिरायला थोडी सवड मिळते. यकृतातल्या कुप्फर पेशी, ज्यांचं कामच रक्तातला कचरा गिळायचं, त्यांनी पकडेपर्यंत.

अशा वाहनांतलं जुनं आणि अजूनही भरपूर वापरातलं म्हणजे लायपोसोम. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ काम करणाऱ्या अ‍ॅलेक बँगम यांना ते सापडले. पेशींच्या आवरणात असतात तसली स्निग्ध द्रव्यं काचेच्या चंबूच्या तळाशी वाळवून त्यांचा पातळ पापुद्रा करायचा, त्यात पाणी घालायचं आणि चंबू फिरवायचा. पापुद्रा सुटतो, पाणी दुधाळ होतं. ते 'दूध' म्हणजे असंख्य पोकळ फुगे: आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये दोन रेणूंच्या जाडीची भिंत.

या फुग्यात डॉक्सोरुबिसिन भरायची युक्ती मला फार आवडते. फुग्यात आधी अमोनियम सल्फेट कोंडतात आणि मग बाहेरच्या पाण्यात औषध सोडतात. औषधाचे रेणू भिंतीतून आत शिरतात, तिथे त्यांची सल्फेटशी भेट होते आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिकाला भिंत ओलांडता येत नाही. उंदराच्या सापळ्यासारखं, यायला वाट आहे, परतायला नाही. एकेका फुग्यात असे दहा-पंधरा हजार रेणू अडकतात. वरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे, पाणी धरून ठेवणारे धागे लावतात, म्हणजे कुप्फर पेशींना हा परका चटकन ओळखू येत नाही.

डॉक्सिल नावानं हे औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नुसतं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून इकडेतिकडे पांगतं. डॉक्सिल दोन-तीन दिवस फिरत राहतं. हृदयाचा त्रास बराच घटला. पण इतका वेळ फिरणारा कण कातडीतही झिरपतो, त्यामुळे तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याची नवी तक्रार सुरू झाली. आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये दोन्हींची तुलना झाली तेव्हा आजार आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत दोघं बरोबरीत निघाले. म्हणजे कणानं शरीराला वाचवलं, गाठीला मात्र जास्त मारलं नाही.

असं का व्हावं? कण गाठीत शिरतो कसा, यावर इथे बरंच अवलंबून आहे. १९८६ मध्ये जपानमधल्या कुमामोतोत यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी एक कल्पना मांडली. गाठ घाईघाईनं वाढते, तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी राहतात. निरोगी वाहिनीतून बाहेर पडू न शकणारा कण या फटींतून झिरपतो, आणि गाठीत लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या द्रवाचा, निचरा धड होत नसल्यानं आत साचून राहतो. पुढची कित्येक वर्षं या क्षेत्राची सारी भिस्त याच कल्पनेवर होती. उंदरांमध्ये ती झकास चालली. पण प्रयोगशाळेतल्या उंदराची गाठ काही आठवड्यांत फुगवलेली असते. माणसाची वर्षानुवर्षं मुरलेली. तिच्या वाहिन्या तशाच गळक्या असतील असं नाही. २०२० मध्ये टोरांटोच्या एका गटानं तर दाखवलं, की उंदरांच्या गाठींतही बहुतेक कण फटींतून शिरत नाहीत, वाहिनीच्या अस्तरातल्या पेशी त्यांना स्वतः उचलून पलीकडे नेतात. माएदांच्या कल्पनेचं नेमकं किती उरलं, यावर अजून वाद चालू आहे.

त्याच गटानं २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशोब मांडला होता. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. हजारातले सात. दर्यामें खसखस! उरलेल्यांतले कितीतरी यकृतात आणि प्लीहेत. हा आकडा आला तेव्हा बरीच खळबळ उडाली. साध्या औषधाचा तरी कुठे सगळा डोस गाठीत जातो, हे खरं. पण 'अचूक नेम' या शब्दाला तो आकडा शोभत नाही.

मग कणावर पत्ता का लावू नये? लावतात. काही स्तनांच्या कॅन्सरमध्ये पेशींवर एचईआर-२ नावाचं प्रथिन गर्दी करून असतं. त्याला चिकटणारे अँटिबॉडीचे तुकडे कणावर बसवता येतात. बातम्यांत इथेच 'क्षेपणास्त्र' वगैरे शब्द येतात आणि वाचणाऱ्याची फसगत होते. कणाला इंजिन नसतं. रक्त नेईल तिकडे तो जातो. योगायोगानं गाठीत शिरून योग्य पेशीच्या अगदी अंगाला लागला, तरच तो पत्ता वाचला जातो. मग तो पेशीला धरतो आणि आत घेतला जातो. शिवाय रक्तात उतरल्या क्षणी त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो. पाकिटावरच्या पत्त्यावर चिखल बसावा तसं. प्रयोगशाळेच्या बशीत अचूक चिकटणारा कण रक्तात गेल्यावर पत्ता विसरतो, त्याचं एक कारण हे.

आता दिसण्याची बाजू. एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत पकडतं. लोहाच्या ऑक्साइडचा कण म्हणजे इवलासा चुंबक. तो जिथे बसतो तिथला संकेत बिघडतो आणि चित्रात काळा डाग पडतो. १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेरिडेक्स यावरच चालायचं, आणि तेही उलट्या रीतीनं. कुप्फर पेशी लोहाचे कण गिळायच्या, म्हणून निरोगी यकृत काळवंडायचं. बहुतेक गाठींत कुप्फर पेशी नसतात, त्यामुळे गाठ उजळ उठून दिसायची. कण जिथे गेला नाही तिथे कॅन्सर! यकृत कण गिळून टाकतं ही इतरांची डोकेदुखी. यांनी तिचंच भांडवल केलं.

एमआरआयचं चित्र रेखीव, पण कण किती आहेत हे त्यावरून मोजणं अवघड. मोजायचं तर पेट स्कॅन. त्यासाठी कणावर किरणोत्सारी खूण बसवतात, उदाहरणार्थ तांबे-६४, ज्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, साधारण पावणेतेरा तास आहे. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण नेमके विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीचं यंत्र ते पकडतं आणि मूळ जागा हिशोबानं काढतं. खूण अगदी थोडी पुरते.

अशा मोजणीतून काय कळतं, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. एमएम-३०२ हा लायपोसोम होता: आत डॉक्सोरुबिसिन, बाहेर एचईआर-२ ओळखणारे अँटिबॉडीचे तुकडे. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या १९ रुग्णांना तो तांबे-६४ लावून दिला आणि एक-दोन दिवसांनी पेट स्कॅन काढला. गाठींत साचलेल्या कणांच्या प्रमाणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३५ पट फरक होता. कॅन्सर त्याच अवयवाचा, औषध तेच, तरी कुणाच्या गाठीत ते भरभरून उतरलेलं, कुणाच्या नावापुरतं. आणि जिथे जास्त उतरलं होतं त्या रुग्णांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहण्याकडे कल होता.

याच औषधाची मोठी चाचणी मात्र २०१६ च्या अखेरीस थांबवली गेली, कारण प्रचलित उपचारापेक्षा फायदा दिसेना. त्या चाचणीत रुग्ण निवडताना हा स्कॅन वापरलेला नव्हता. ज्यांच्या गाठीत कण शिरतो आणि ज्यांच्या गाठीला तो शिवतही नाही, असे सगळे एकाच सरासरीत गेले. स्कॅन बघून निवड केली असती तर निकाल फिरला असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दिवा हाताशी होता आणि तो लावलाच नाही, याची चुटपुट लागते.

मग प्रत्येक औषधी कणावर कायमचीच खूण लावून टाकावी की! इथे दोन डगरींवर पाय ठेवायची वेळ येते. स्कॅनला हवी चिमूटभर मात्रा आणि लवकर निचरा. रक्तच कणांनी भरलेलं असलं तर गाठ वेगळी दिसणार कशी? औषधाला हवी भरपूर मात्रा आणि लांबचा मुक्काम. स्कॅन एकदा पुरतो, औषध दर काही आठवड्यांनी द्यायचं असतं. मग दर खेपेला किरणोत्सार अंगावर का घ्यायचा? आणखी एक मेख आहे. चित्रात दिसते ती खूण, औषध नव्हे. खूण कणावरून गळून पडली तर आपण सुट्या तांब्याचा फोटो बघत बसतो. कण गाठीत आहे पण औषध आत स्फटिक होऊन स्वस्थ बसलंय, असंही होऊ शकतं. तरीही एकाच कणात एमआरआय, पेट, प्रकाश, उष्णता, दोन औषधं आणि वर पत्ता, असं सगळं कोंबलेले शोधनिबंध येत राहतात. एक ना धड भाराभर चिंध्या. असा कण कारखान्यात दर बॅचला हुबेहूब तसाच बनवताना नाकी नऊ येतात.

त्यापेक्षा मला टेहळ्याची कल्पना शहाणपणाची वाटते. औषधी कण वेगळा, आणि साधारण त्याच्यासारखाच हिंडणारा पण दिसणारा दुसरा कण आधी पाठवायचा. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाच्या कणांचं औषध २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिलं जातं, आणि एमआरआयमध्ये ते दिसतं. एका छोट्या प्राथमिक अभ्यासात रुग्णांना आधी ते देऊन स्कॅन काढले आणि मग इरिनोटिकान हे औषध भरलेले लायपोसोम दिले. ज्या गाठींनी लोह जास्त घेतलं होतं, त्या औषधानं जास्त आकसल्या. कुठली गाठ दार उघडते, ते टेहळ्यानं येऊन सांगितलं होतं.

दार उघडल्यावर औषध बाहेर काढायचं कामही काही जण बाहेरून करतात. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं यकृतात गाठी असलेल्या १० रुग्णांना असे लायपोसोम दिले, ज्यांची भिंत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ढिली पडते. मग अल्ट्रासाउंडच्या लहरी गाठीवर एकवटून तेवढाच भाग गरम केला. गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट झालं. हे कळलं कसं, तर सुई घालून गाठीचा तुकडा काढून. इथेही वरून दिसणारी खूण असती तर ती सुई कदाचित टळली असती.

दोन्ही कामं करणारा कण साधा ठेवला तर जमतं, याचं उदाहरण फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आहे. तिथे मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या १५ रुग्णांवर एजीयूआयएक्स या सुमारे ५ नॅनोमीटरच्या कणांची पहिली चाचणी झाली. त्यात गॅडोलिनियम हा धातू आहे. एमआरआयमध्ये ते उजळ दिसतं, आणि रेडिएशनचे किरण त्याच्यावर आदळले की इलेक्ट्रॉन सुटून आसपासच्या पेशींना जास्तीचा तडाखा बसतो. दाखवणारं आणि मारायला मदत करणारं मूलद्रव्य एकच, त्यामुळे खूण गळण्याचा प्रश्नच उरत नाही.

दिसणाऱ्या कणांचा एक जुना अध्याय मात्र काळा आहे. १९३० ते १९५० च्या दशकांत थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य एक्स-रे काढताना शिरेत टोचत. थोरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, आणि थोरियम किरणोत्सारी. चित्रं अप्रतिम यायची आणि टोचल्यावर रुग्णाला त्रासही होत नसे. कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसायचे, तिथून हलायचे नाहीत. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. अल्फा कणांचा मारा आयुष्यभर चालू राहायचा. वीस-तीस वर्षांनी त्या माणसांना यकृताचे कॅन्सर होऊ लागले.

म्हणून आता नवा कण आला की तो आत काय करतो याच्या इतकीच चौकशी तो बाहेर कसा पडतो याची होते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेले सिलिकाचे कण ६-७ नॅनोमीटरचे ठेवलेत ते याचसाठी. त्यांच्यावर किरणोत्सारी आयोडीन लावून मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर पसरलेल्या ५ रुग्णांना ते टोचले, तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध नव्हतंच, नुसता कण कुठे जातो ते बघायचं होतं. पेट स्कॅनमध्ये मूत्राशय उजळलेलं दिसलं: कण लघवीवाटे निघाले होते.